बॅकअप आहे हो, पण तो परत येतो का?

सप्टेंबर जवळ आला की सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा यायला लागतात. तुमच्या घरीही एखादी आली असेल. अहवाल, ताळेबंद, लाभांश, चहा-बिस्किटं. यंदा त्या सभेत एक प्रश्न विचारा अशी माझी विनंती आहे. प्रश्न कॉम्प्युटरचा आहे, पण कॉम्प्युटरवाल्यांसाठी नाही. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मी तालुक्याच्या गावात छोट्या संस्थांचे सर्व्हर सांभाळतो. पतसंस्था, दोन शाळा, एक दूध संस्था, एक वाचनालय. सर्व्हर म्हटल्यावर काचेच्या खोलीतली लुकलुकणारी कपाटं डोळ्यासमोर आणू नका. आमच्याकडे सर्व्हर म्हणजे व्यवस्थापकाच्या टेबलाखालचा एक जाडजूड डबा, वर धूळ, मागे इन्व्हर्टरची वायर. त्या डब्यात हजारो माणसांची पै-पै लिहिलेली असते.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळी एका पतसंस्थेतून फोन आला. "सर्व्हर चालू होत नाही." आदल्या रात्री लाइटचे तीन-चार झटके बसले होते. जाऊन बघितलं तर डिस्क गेलेली. मी निवांत होतो. त्यांना म्हटलं, "काळजी नको, रोज रात्रीचा बॅकअप आहे." बॅकअपची ती सोय मीच लावून दिली होती. डे-एंड झाला की आपोआप सगळ्या डेटाबेसची एक फाइल थेट ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरायची. सोमवारची वेगळी, मंगळवारची वेगळी, अशा सात फाइली. आठव्या दिवशी पहिलीवर नवी चढायची. तीन वर्षं बिनबोभाट चालू होतं.

नवीन डिस्क लावली, रविवारची फाइल उघडली. अर्ध्यावर जाऊन थांबली. शनिवारची घेतली, तीही थांबली. शुक्रवार, गुरुवार, सगळ्यांचं तेच. मग मी पहिल्यांदा त्या सात फाइलींच्या नावांपुढचे आकडे नीट बघितले. सातही फाइली हुबेहूब एकाच मापाच्या होत्या. ४१,९४,३०४ केबी. एक केबी इकडे नाही की तिकडे नाही.

संस्थेत रोज शेकडो नोंदी पडतात. पिग्मी जमा होते, कर्जाचे हप्ते येतात, नवीन खाती उघडतात. म्हणजे फाइल रोज थोडी थोडी वाढायलाच हवी. वाढत्या पोराचे कपडे चार महिने त्याच मापाचे शिवून घ्यावेत आणि कुणाला शंका येऊ नये, तसं आमचं झालं होतं.

झालं काय होतं ते सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे.

बाजारात मिळणारे लहान पेनड्राइव्ह बहुतेक फॅट-३२ नावाच्या पद्धतीने आखलेले असतात. या पद्धतीत प्रत्येक फाइलचं माप लिहून ठेवायला ३२ बिटांचा रकाना असतो. जुन्या किर्दीत रकमेचा रकाना चारच आकड्यांचा छापलेला असेल तर ९,९९९ च्या पुढची रक्कम त्यात बसणार नाही. तसंच हे. ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा असो की ६४ चा, निम्म्याहून जास्त मोकळा असो, एक फाइल त्याच्या पुढे जाऊच शकत नाही.

एरवी आपण हाताने मोठी फाइल कॉपी करायला गेलो की विंडोज आधीच सांगतं, फाइल फार मोठी आहे. पण आमचा प्रोग्राम फाइल थेट पेनड्राइव्हवरच लिहीत होता. तो ४ जीबीपर्यंत लिहायचा, तिथे अडायचा, आणि चूक झाल्याची नोंद कुठल्यातरी कोपऱ्यातल्या फाइलमध्ये करून गप्प बसायचा. ती नोंद कोण वाचतंय? सकाळी क्लार्क बघायचा, आजच्या तारखेची फाइल आहे का? आहे. रजिस्टरला टिकमार्क. संपलं.

मार्चअखेरची एक प्रत ऑडिटसाठी वेगळ्या हार्ड डिस्कवर काढली होती. ती फाइल ३.८ जीबीची होती, म्हणून वाचली. त्यानंतर लगेचच कधीतरी फाइलने ती रेषा ओलांडली आणि त्या दिवसापासून आमच्याकडे बॅकअप नव्हताच. टिकमार्क मात्र रोज होती.

एप्रिल ते ऑगस्ट, साडेचार महिने. अठरा दिवस संस्थेची माणसं रात्री दहापर्यंत बसून व्हाउचर पुन्हा चढवत होती. वाचवलं कुणी, तर एका जुन्या कॅशियरने. ते रोज किर्दीचं प्रिंट काढून दोऱ्याने बांधून ठेवायचे. त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची, कागद वाया घालवता म्हणून. चेष्टा करणाऱ्यांत मीही होतो.

त्या अठरा दिवसांत एक भाजीवाली बाई रोज येऊन बाकावर बसायची. तिची रोजची पिग्मी होती. तिच्याकडचं कार्ड पावसात भिजून त्याचा लगदा झाला होता. ती भांडत नव्हती. तिचं एवढंच विचारणं होतं, "माझं किती हाय, तेवढं सांग बाबा." आणि ते सांगायला आमच्याकडे चार दिवस काही नव्हतं. शेवटी तिचा हिशेब जुळला. बहुतेक सगळ्यांचा जुळला, जिथे नाही जुळला तिथे संस्थेने ठेवीदाराचा शब्द प्रमाण मानला. सगळ्याच संस्था तसं करतील याची मला खात्री नाही.

लक्षात घ्या, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. तिथे संस्थेची नोंद हाच तुमचा आधार. ती नोंद गेली की पैसे होते हे सिद्ध करायची जबाबदारी कुणावर येते? नियमात काहीही लिहिलेलं असू दे, प्रत्यक्षात ती भिजलेलं कार्ड घेऊन आलेल्या बाईवर येते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की बॅकअपची फाइल किती मोठी असावी हा फालतू तांत्रिक प्रश्न नाही. तो सार्वजनिक प्रश्न आहे. आणि आज तो कुणीच ठरवत नाही. प्रोग्राम जे करतो ते होऊ देतात, आणि ज्या दिवशी मर्यादा ओलांडली जाते त्या दिवशी कुणाला कळत नाही.

तुम्ही म्हणाल, हे गावाकडचं झालं, मोठ्या ठिकाणी असं होत नसेल. बघू या.

गिटलॅब ही जगभरातल्या प्रोग्रामरांचं काम साठवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरने चुकून चालू सर्व्हरवरचाच डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरेपर्यंत ते लक्षात आलं नाही. मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजच्या बॅकअपच्या जागी काहीच नव्हतं. बॅकअप काढणारं साधन आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या वेगळ्या होत्या, त्यामुळे काम रोज फसत होतं. फसल्याचे ईमेल निघत होते, पण ते पोचतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, त्यावर निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. आमचा कॅशियर आणि त्यांचा तो योगायोग यांत फार फरक नाही.

दुसरं उदाहरण दक्षिण कोरियाचं. सगळं कारभार ऑनलाइन नेलेला देश. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. त्यात जी-ड्राइव्ह नावाची सोय होती, सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाची कागदपत्रं ठेवण्याची, माणशी ३० जीबी. त्यातला ८५८ टेराबाइट डेटा जळाला आणि त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती. कारण काय दिलं गेलं? साठा फार मोठा होता, म्हणून बाहेर बॅकअप घेता येत नव्हता.

हे कारण पुन्हा एकदा वाचा. डेटा मोठा होता म्हणून बॅकअप नव्हता. माझ्या पेनड्राइव्हची आणि त्या ८५८ टेराबाइटची गोष्ट एकच आहे. एवढं मोठं गाठोडं उचलायचं कसं याचा विचार वेळेवर झाला नाही.

आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली, वरच्या मजल्यांवरच्या फायली जळाल्या. त्यानंतर सगळं कॉम्प्युटरवर नेण्याचा जोर वाढला, ते बरोबरच होतं. पण कागद कॉम्प्युटरवर गेला म्हणजे सुरक्षित झाला, हा समज त्याबरोबर गावोगावी पोचला. तो खरा नाही. कागदाचा गठ्ठा अर्धा जळला तर अर्धा वाचता येतो. कॉम्प्रेस केलेली फाइल मधे तुटली तर तिथून पुढचं बहुधा काहीच हाती लागत नाही.

आता सुरक्षित माप कोणतं? मला लोक एक आकडा विचारतात. मी आकडा सांगणार आहे, पण तो कसा काढायचा ते आधी. कारण आकडा बदलेल, रीत बदलणार नाही.

पहिली गोष्ट, माप फाइल काढण्याच्या बाजूने ठरवू नका, परत आणण्याच्या बाजूने ठरवा. ती फाइल कुठून कुठून जाणार आहे? सर्व्हर, पेनड्राइव्ह किंवा डिस्क, इंटरनेट, दुसऱ्या गावातला कॉम्प्युटर, आणि संकटाच्या दिवशी मिळेल तो मशीन. या वाटेवरचा सगळ्यात अरुंद दरवाजा शोधा. फॅट-३२ असेल तर ४ जीबी. डीव्हीडीवर एक प्रत ठेवत असाल तर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ते ४.३८ च्या आसपास दाखवतो. जुन्या पद्धतीची झिप फाइल ४ जीबीला अडते, आणि तिच्यात ६५,५३५ पेक्षा जास्त फाइलीही मावत नाहीत. काही जुने प्रोग्राम तर २ जीबीलाच अडतात, कारण ३२ पैकी एक बिट अधिक-उण्याच्या खुणेसाठी जातो. नवीन साधनांत यातलं बरंच काही सुटलंय, मान्य. पण संकटाच्या दिवशी हाताशी नवीनच साधन असेल हे कुणी सांगितलं?

दुसरी गोष्ट, वेळ. समजा ४० जीबीची एकच फाइल दुसऱ्या गावी इंटरनेटने पाठवायची आहे आणि तुमची अपलोडची गती १० एमबीपीएस आहे. सेकंदाला सव्वा एमबी. जवळपास नऊ तास लागतील. आठव्या तासाला लाइट गेली आणि तुमचं साधन अर्धवट राहिलेलं तिथून पुढे चालू ठेवणारं नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे सलग नऊ तास लाइट आणि नेट दोन्ही मिळणं म्हणजे सणच. तेच २ जीबीच्या वीस तुकड्यांत पाठवलं तर एका तुकड्याला सत्तावीस मिनिटं. लाइट गेली तर फार तर तेवढंच काम वाया.

म्हणून माझा आकडा २ जीबीच्या थोडा आत. मी १९०० एमबी ठेवतो. छोट्या संस्थेच्या वाटेवर सहसा येणाऱ्या सगळ्या दरवाजांतून ते जातं.

पण इथे एक मोठी मेख आहे, आणि ती न समजता तुकडे केले तर आगीतून फुफाट्यात. एकच मोठी फाइल नुसती कापून वीस तुकडे केले, तर वीसही तुकडे लागतात. सातवा हरवला तर आठव्यापासून पुढचे तेरा हाताशी असूनही बहुधा निरुपयोगी. म्हणजे तुकडे जितके जास्त, तितक्या अडचणीच्या जागा जास्त. म्हणून नुसतं कापू नका, वाटणी करा. वर्षानुसार, शाखेनुसार, विभागानुसार. बंद झालेली जुनी वर्षं वेगळी, चालू वर्ष वेगळं. डेटाबेस त्याच्या साधनानेच नीट काढा आणि स्कॅन केलेली कागदपत्रं वेगळी बांधा. प्रत्येक गाठोडं स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. २०१९ ची फाइल बिघडली तरी २०२४ ची उघडली पाहिजे. एवढं करूनही एखादं गाठोडं मोठं राहिलं तरच ते कापा.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. एका शाळेने दाखल्यांचे स्कॅन सुटे सुटेच कॉपी करायला लावले होते. लाखभर छोट्या फाइली. प्रत्येक फाइल उघडा, लिहा, बंद करा, यातच रात्र संपायची आणि काय राहिलं ते कुणाला सांगता यायचं नाही. अशांचे वर्षवार गठ्ठे बांधले की काम सोपं होतं. फार मोठी फाइल अडते, फार बारीक फाइली हरवतात.

तिसरी गोष्ट, यादी. किती गाठोडी, प्रत्येकाचं माप किती, आणि प्रत्येकाचा चेकसम. चेकसम म्हणजे फाइलवरून काढलेली आकड्या-अक्षरांची एक लांब खूण. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी खूण बदलते. ही यादी फाइलींच्या सोबत ठेवाच, पण छापून कपाटातही ठेवा. आणि मागच्या आठवड्याच्या मापाशी आजचं माप ताडून बघा. एकदम घटलं तर गडबड. चालू वर्षाचं माप अजिबात वाढलं नाही तरी गडबड. हे बघायला कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. क्लार्कच्या रजिस्टरमध्ये टिकमार्कच्या जागी मापाचा आकडा लिहायला लावा, एवढं पुरे. आमच्याकडे तो एक रकाना असता तर एप्रिलमध्येच कळलं असतं.

"पण आता सगळं क्लाउडवर आहे," असं व्यवस्थापक मला ऐकवतात. चांगलं आहे. क्लाउडवर काय आहे, ते उघडून बघितलंय का? तुटलेली फाइल क्लाउडवर चढवली तर तिथेही ती तुटलेलीच राहते. आणि तुमच्या इंटरनेटवर ती परत उतरवायला किती तास लागतील, ते मोजलंय का? क्लाउड वाईट नाही, पण वाटेवरचा तो आणखी एक दरवाजा आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. माझ्या चुकीला पैसे कमी पडले म्हणून काही झालं नव्हतं. तोच पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने आखला असता, किंवा फाइलची वाटणी केली असती, तर एक रुपया न घालता वाचलो असतो. खर्च लागतो तो तालमीला, तोही वेळेचा. तीन महिन्यांतून एकदा, वेगळ्या कॉम्प्युटरवर, बॅकअपमधून सगळं उभं करायचं आणि तेरीज जुळवून बघायची. अर्धा दिवस जातो. घड्याळ लावून किती तास लागले ते लिहून ठेवायचं. ते तास हीच तुमच्या बॅकअपची खरी ताकद, बाकी सगळा भरवसा.

माझ्यासारख्यांबद्दलही बोललं पाहिजे. गावोगावी ही कामं आम्ही एकटे-दुकटे लोक करतो. एकदा लावून देतो, पुढच्या गावाला जातो. संस्थेला वाटतं, त्याने केलंय म्हणजे बरोबर असेल. मलाही तेच वाटत होतं. चूक माझी होती, ती मी त्या संस्थेच्या संचालक मंडळासमोर कबूल केली, त्या वर्षीचे पैसेही घेतले नाहीत. पण एका माणसाच्या कबुलीवर हजारो ठेवीदारांच्या नोंदी अवलंबून राहाव्यात, ही रीतच चुकीची आहे. ही गोष्ट संचालक मंडळाच्या ठरावात आली पाहिजे आणि ऑडिटमध्ये कुणीतरी "दाखवा" म्हटलं पाहिजे. नुसतं "बॅकअप घेतला जातो काय? होय" एवढ्यावर भागू नये.

म्हणून सभेत उठून हे विचारा, सौम्यपणे विचारा.

शेवटचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर पूर्ण उभा करून कधी बघितला, तारीख सांगा. किती तास लागले? तेरीज जुळली का?

सगळ्यात मोठी फाइल किती जीबीची आहे, आणि ती जिथे ठेवता तिथे जास्तीत जास्त किती मोठी फाइल मावते?

एक प्रत या इमारतीच्या बाहेर आहे का? तिला पासवर्ड आहे का, आणि तो एकाहून जास्त माणसांना ठाऊक आहे का?

उत्तर नसेल तर कुणाला खाली पाहायला लावू नका. पुढच्या सभेपर्यंत उत्तर आणा, असा ठराव करून घ्या. पतसंस्था असो, शाळा असो, तुमची सोसायटी असो, प्रश्न तेच.

त्या संस्थेत आता रजिस्टरला मापाचा रकाना आहे. दर तिमाहीला तालीम होते, मी जातो. कॅशियर आता निवृत्त झालेत. किर्दीचं प्रिंट मात्र अजून रोज निघतं आणि दोऱ्याने बांधून ठेवलं जातं. आता त्यावरून कुणी हसत नाही.